आडवी बाटली, मोर्चा आणि मतपेटी: गावच्या दारूबंदीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचतगटाच्या बैठकीत, ग्रामसभेनंतर पारावर, कधी फोनवर हे प्रश्न येत राहतात. काही प्रश्न कायद्याचे असतात, काही राजकारणाचे, आणि बरेचसे चिडून विचारलेले. उत्तरं विदर्भातल्या अनुभवाकडे झुकलेली आहेत, कारण आंदोलन, निवडणूक आणि कायदा यांची एकमेकांत अडकलेली गाठ तिथं सगळ्यात स्पष्ट दिसते.

‘आडवी बाटली’ म्हणजे नेमकं काय?

गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करायचं की चालू ठेवायचं, यावर गावातल्या बायकांनी केलेलं गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ते एका नजरेत कळतं.

सध्याची पद्धत २००८च्या सरकारी आदेशातून आलेली आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के बायकांनी सह्या करून अर्ज द्यायचा. त्या सह्यांची पडताळणी होते, मग मतदानाची तारीख लागते, केंद्र, अधिकारी, पोलीस, मतपेटी सगळं येतं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर परवाना बंद होतो. मग ते देशी दारूचं दुकान असो, वाइन शॉप असो, परमिट रूम असो की बिअर शॉपी.

झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं की एकूण यादीच्या निम्मी?

एकूण यादीच्या. सगळा खेळ इथंच आहे आणि बहुतेक गावं इथंच आपटतात.

समजा, यादीत ९०० बायका आहेत. अर्जाला २२५ सह्या लागतील. त्या आठवड्यात जमतात. मतदानाच्या दिवशी ५०० जणी आल्या, ४४० जणींनी बाटली आडवी केली, ६० जणींनी उभी. ज्यांनी मत दिलं त्यांच्यातल्या ८८ टक्के जणी दुकानाच्या विरोधात, आणि तरीही दुकान चालू राहणार, कारण लागणार होती ४५१ मतं. घरी बसलेल्या प्रत्येक बाईचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं.

दुकानदाराला हे गणित आपल्याआधी कळलेलं असतं. त्याला कुणाचं मन वळवायची गरज नसते, बायकांना घराबाहेर पडू दिलं नाही की झालं. मग त्या दिवशी कुठं जेवणावळ निघते, कुठं देवदर्शनाची गाडी फुकट मिळते, कुठं नवरे आदल्या रात्री दम देतात.

एवढी कडक अट कशाला? आमदार तर तीस-पस्तीस टक्क्यांत निवडून येतो.

हा टोमणा मी प्रत्येक बैठकीत ऐकला आहे आणि तो बरोबर आहे. सरकारी बाजूनं सांगितलं जातं की परवाना हा कायद्यानं दिलेला असतो, त्याची फी भरलेली असते, तो चार लोकांच्या लहरीवर रद्द होऊ नये. एवढं मान्य केलं तरी, ज्या मोजपट्टीनं सरकार निवडलं जातं त्यापेक्षा उंच मोजपट्टी दारूच्या दुकानासाठी ठेवली आहे, हे नाकारता येत नाही.

पण या अटीचा एक उलटा परिणाम मी पाहिला आहे. अट एवढी अवघड असल्यामुळे नुसती लाट येऊन भागत नाही. घरोघरी जावं लागतं, यादी पाठ करावी लागते, कुठली बाई कुणाच्या शब्दाबाहेर नाही ते माहीत असावं लागतं. जिंकलेल्या गावात त्यामुळे मतदानानंतरही बायकांचं संघटन उरतं. हरलेल्या गावात ते बऱ्याचदा विरून जातं, हेही तितकंच खरं.

मग तयारी कुठून सुरू करायची?

मतदारयादीपासून. मोर्चापासून नाही.

यादीत वारलेल्या बायका असतात. लग्न होऊन गेलेल्या लेकी असतात. ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवर गेलेल्या, पुण्याला धुणीभांडी करायला गेलेल्या असतात. ही सगळी नावं ‘एकूण मतदार’ म्हणून मोजली जातात आणि लागणारा आकडा वाढवतात. म्हणून आधी नमुना ७ भरून मयत आणि कायमची स्थलांतरित नावं वगळायला लावा, नव्या सुनांची नावं घाला, पहिल्यांदाच नोंद असेल तर नमुना ६नं, माहेरच्या यादीतून आणायचं असेल तर नमुना ८नं. कंटाळवाणं काम आहे, त्यात घोषणा नाहीत, फोटो नाहीत. तारीख मागतानाही हंगाम पाहा. ऊसतोड कामगारांच्या गावात दिवाळीनंतर मतदान मागणं म्हणजे हरायची सोय करणं.

सह्या २५ टक्क्यांवर थांबवू नका. पडताळणीत कुणी बाई घाबरून ‘मी सही केली नाही’ म्हणते, कुणी माहेरी गेलेली असते. चाळीस टक्के गाठा, मग अर्ज द्या.

हा अधिकार सरकारनं आपणहून दिला का?

सरकार आपणहून महसुलावर पाणी सोडत नाही. यामागे फार जुनी हुज्जत आहे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी १८८०मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. नगरपालिकेत बसून नगरपालिकेच्या कारभाराला प्रश्न विचारणारा कार्यकर्ता, असं ते दुर्मीळ उदाहरण. १९३०च्या सत्याग्रहात बायका दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधन करायला, म्हणजे गिऱ्हाइकांना अडवायला उभ्या राहिल्या. १९३७च्या निवडणुकीनंतर त्याच चळवळीतली माणसं सत्तेत आली आणि बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानं १९३९मध्ये मुंबईत दारूबंदी आणली. स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, तोही खेरांच्याच काळात. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदानं मादक पेयांवर बंदी हे राज्यानं गाठायचं उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवलं.

पुढं १९६०च्या दशकात ही बंदी सैल झाली, पण कायदा रद्द झाला नाही. म्हणून आजही महाराष्ट्रात दारू प्यायला कागदोपत्री परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. किती जणांकडे तो असतो हे ज्याचं त्यानं ठरवावं. बायकांची मागणी याच अर्ध्या झोपलेल्या कायद्याच्या पोटात जागा शोधत आली. आडवी बाटली हा त्यातलाच एक कोपरा: रस्त्यावरची मागणी सरकारनं उचलली आणि तिला निवडणुकीचं रूप दिलं.

चंद्रपूरची दारूबंदी आली कशी आणि गेली कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर.

वर्धा जिल्हा गांधीजींच्या सेवाग्राममुळे १९७०च्या दशकापासून दारूबंदीचा. गडचिरोली १९९३पासून. मधे चंद्रपूर, कोळशाच्या खाणींचा, सिमेंटच्या कारखान्यांचा, हातात रोख पगार येणाऱ्या कामगारांचा जिल्हा, आणि दारूचा मोठा बाजार. २०१०मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेनं पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली जिल्हाभर दारूबंदीची मागणी उचलली. त्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशन चालू असताना बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. सरकारनं काय करावं? जे सरकारं करतात तेच: समिती नेमली. अहवाल आला, आणि तो आल्यावरही काही झालं नाही.

मग २०१४ची विधानसभा आली. बल्लारपूरचे भाजपचे उमेदवार सुधीर मुनगंटीवार यांनी दारूबंदीचं आश्वासन दिलं होतं. निवडणुकीनंतर ते राज्याचे अर्थमंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्री झाले. म्हणजे ज्या खात्याला महसूल बुडण्याची सगळ्यात जास्त भीती, त्या खात्याचा मंत्रीच बंदीच्या बाजूचा. जानेवारी २०१५मध्ये मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५पासून जिल्ह्यातली दुकानं बंद झाली. चार वर्षांत मोर्च्यांनी जे झालं नाही ते निकालानंतर तीन महिन्यांत झालं. हे पाहून अनेक कार्यकर्त्यांना वाटलं की खरी चावी निवडणुकीत आहे.

२०१९मध्ये सरकार बदललं. काँग्रेसचे विजय वडेट्टीवार पालकमंत्री झाले आणि बंदीचा फेरविचार सुरू झाला. जिल्हा पातळीवर लोकांची मतं मागवली गेली, मग निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. अवैध दारू वाढली, तस्करीत बायका आणि मुलं ओढली गेली, गुन्हे वाढले, महसूल गेला अशी कारणं देत २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळानं बंदी उठवली. जुलैत दुकानांची शटरं वर गेली. सहा वर्षं आणि थोडे महिने.

मतपेटीनं दिलं ते मतपेटीनंच काढून घेतलं, असं कुणी म्हणेल. माझं मत जरा वेगळं आहे. बंदी आली तेव्हा आंदोलनाचं मुख्य उद्दिष्ट संपलं आणि अंमलबजावणी पोलिसांवर टाकली गेली. गावागावांतल्या ज्या बायका नागपूरपर्यंत चालल्या, त्यांना १ एप्रिलनंतर नेमकं काय काम होतं? पोलिसांना फोन करणं आणि कुणी येतं का याची वाट पाहणं. सहा वर्षांत बंदीचे तोटे सांगणारे रोज बोलत होते, बंदीच्या बाजूचे हळूहळू गप्प झाले. २०२१मध्ये कागदावरची बंदी राखायला जी ताकद लागली असती, ती जिल्ह्यात त्या प्रमाणात उरली नव्हती.

मग गडचिरोलीची बंदी का टिकली?

ती टिकेलच असं कुणी गृहीत धरू नये. आणि तिथं दारू मिळत नाही असंही नाही. मोहाची हातभट्टी आहे, शेजारच्या राज्यांतून येणारा माल आहे. पण बंदी उठलेली नाही.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथं दारूमुक्तीचं काम सुरू केलं, आणि १९९३चा निर्णय त्या गावपातळीवरच्या कामानंतर आला. गावांनी स्वतः ठराव करून दारू बंद केली होती. सरकारनं त्यावर शिक्का मारला. २०१६पासून ‘मुक्तिपथ’ उपक्रमातून गावसमित्या, व्यसनी माणसांवर उपचार, पोलिसांशी समन्वय हे काम पुन्हा बांधलं गेलं. चंद्रपूरचा फेरविचार सुरू झाला तेव्हा गडचिरोलीच्या बंदीचीही समीक्षा करायची भाषा झाली, आणि शेकडो गावांतून बंदी राहू द्या असे ठराव सरकारकडे गेले. ठराव करायला बसणारी माणसं गावात होती, हाच काय तो फरक. निवडणुका आल्या की ‘दारूमुक्त निवडणूक’ म्हणून उमेदवारांकडून लेखी वचनं घेतली जातात. वचन पाळलं जाईलच असं नाही, पण त्या कागदामुळे पुढच्या वेळी दारात उभं करून विचारायला हातात काहीतरी राहतं.

एक गोष्ट मात्र जपून बोलावी. गोंड आणि माडिया समाजात मोहाची दारू पूजेत, मर्तिकात, लग्नात असते. तिला दुकानातल्या देशी दारूच्या मापानं मोजणारे बाहेरचे कार्यकर्ते आदिवासींना परके वाटतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आंदोलन, मग निवडणूक, मग बंदी, मग माघार: दुसरीकडेही असंच झालं का?

आंध्र प्रदेशात अगदी हेच. नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या वर्गात बसणाऱ्या बायकांनी सारा म्हणजे गावठी दारूचं दुकान बंद पाडलं आणि लोण राज्यभर गेलं. १९९३मध्ये सारा बंद झाला. १९९४च्या निवडणुकीत एन. टी. रामाराव यांनी संपूर्ण दारूबंदीचं आश्वासन दिलं, प्रचंड बहुमतानं आले, १९९५च्या जानेवारीत बंदी लागू झाली. १९९७मध्ये त्यांच्याच पक्षाच्या चंद्राबाबू नायडूंच्या सरकारनं ती बव्हंशी गुंडाळली. बिहारमध्ये नितीश कुमार यांनी बायकांच्या मागणीला २०१५च्या निवडणुकीआधी शब्द दिला आणि एप्रिल २०१६मध्ये बंदी आणली; तिथल्या कोर्टांवर आणि तुरुंगांवर पडलेला खटल्यांचा भार हा वेगळाच विषय आहे.

आंदोलनातल्या माणसानं निवडणुकीला उभं राहावं का?

राहावं, पण मोर्चातली गर्दी म्हणजे मतं नव्हेत हे समजून. पारोमिता गोस्वामी २०१९मध्ये आम आदमी पक्षाकडून ब्रह्मपुरीतून विधानसभेला उभ्या राहिल्या आणि हरल्या. जिंकले विजय वडेट्टीवार, ज्यांच्या पालकमंत्रिपदाच्या काळात पुढं बंदी उठली. दारूच्या प्रश्नावर गोस्वामींच्या मागे चालणाऱ्या बायका मतदानाच्या दिवशी जातीच्या, पक्षाच्या, धानाच्या बोनसच्या, नवऱ्याच्या शब्दाच्याही मतदार असतात. हे दुटप्पी वागणं नाही. विधानसभेच्या मतपत्रिकेवर बाटलीचं चित्र नसतं, एवढंच.

ग्रामपंचायतीत मात्र उभं राहाच. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीनं बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रानं २०११मध्ये त्या निम्म्या केल्या. सरपंचाच्या खुर्चीत नवरा बसतो ही तक्रार अजूनही खरी आहे. पण बचतगटातून आलेली सरपंच असेल तर ग्रामसभेची नोटीस वेळेवर निघते, ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा लिहिला जातो, ग्रामसेवक टाळाटाळ करत नाही. अर्धी लढाई या इतिवृत्ताच्या वहीत असते.

ग्रामसभेचा ठराव पुरेसा नाही का? मतदान कशाला?

पेसा क्षेत्रात, म्हणजे अनुसूचित आदिवासी भागात, १९९६च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार ग्रामसभेच्या बाजूनं मान्य केला आहे. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४मध्ये केले. इतर गावांत ठराव ही मागणी असते, हुकूम नव्हे. चालू परवाना बंद करायला मतदानाची वाट धरावी लागते.

शिवाय २०१६मध्ये अण्णा हजारे यांच्या पाठपुराव्यानंतर दारूबंदी कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामरक्षक दलांची तरतूद आली. हे दल अवैध दारूवर लक्ष ठेवतं, पोलिसांना आणि उत्पादन शुल्क खात्याला कळवतं. दलात कुणाला घेता यावर सगळं अवलंबून आहे. उद्याचा सरपंचपदाचा इच्छुक दलात आला की दल त्याचं प्रचार कार्यालय होतं.

कोर्टात गेलं तर?

कधी कधी भलत्याच दारानं यश येतं. रस्ते अपघातांच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६मध्ये महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७पासून बंद करायचा आदेश दिला आणि ज्या दुकानांविरुद्ध गावं वर्षानुवर्षं भांडत होती ती एका फटक्यात बंद झाली. मग महामार्गांचा दर्जा बदलण्याच्या युक्त्या सुरू झाल्या, लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झालं, शहरांना सवलती मिळाल्या, आणि बरीच दुकानं परतली. ती परतली तेव्हा अनेक ठिकाणी अडवायला कुणी नव्हतं, कारण बंद करायलाही कुणी उतरलं नव्हतं.

दारू बंद केली की लोक विषारी दारू पिऊन मरतात, हे खरं ना?

जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं मेली. मालवणी मुंबईत आहे. तिथं दारूबंदी नव्हती, हवी तेवढी परवानाधारक दुकानं होती. मेली ती स्वस्त दारू पिणारी गरीब माणसं. दारूबंदीच्या राज्यांतही अशा दुर्घटना झाल्या आहेत, तेव्हा बंदीनं धोका जातो असंही म्हणता येत नाही. दारू विषारी करणारं मिथेनॉल कुठून बाहेर पडतं आणि हप्ता कुणापर्यंत जातो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

लोकांनी काय प्यावं हे गावानं का ठरवावं? आणि पुरुषांना मत का नाही?

पहिल्या प्रश्नात दम आहे. सरसकट जिल्हाबंदीबद्दल माझ्याही मनात शंका आहेत, विशेषतः पिणाऱ्यालाच तुरुंगात टाकणाऱ्या कायद्यांबद्दल. आडवी बाटली त्याहून सौम्य आहे. ती पिणाऱ्याला हात लावत नाही, फक्त माझ्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी परवान्यानं दुकान नको असं म्हणते.

दुसऱ्याचं उत्तर असं की सगळ्या मतदारांनी मिळून अर्ज करायची वाटही आदेशात आहे. बायकांची वेगळी वाट ठेवली, कारण दारूचा खर्च ज्यांच्या डब्यातल्या पैशातून होतो त्या बायकाच आहेत.

राज्य उत्पादन शुल्काचे पैसे गेले तर शाळा-रस्ते कसे होणार?

हा प्रश्न अधिकारीच जास्त विचारतात. अलीकडच्या वर्षांत या खात्याचं वार्षिक उत्पन्न २० हजार कोटींच्या वर गेलं आहे, तेव्हा कुठलंही सरकार हात आखडता घेणारच. एका गावचं एक दुकान बंद झाल्यानं तिजोरी हलत नाही, हेही त्यांना माहीत असतं.

शहरात काय?

शहरातल्या प्रभागांसाठीही मतदानाची सोय आहे, पण प्रभागाच्या यादीतल्या निम्म्या बायका बाहेर काढणं गावापेक्षा कितीतरी अवघड. मार्च २०२५मध्ये अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की गृहनिर्माण सोसायटीच्या आवारात नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. झोपडपट्टीला सोसायटी नसते, हे लक्षात ठेवा.

आम्ही जिंकलो. दुकान बंद झालं. दोन महिन्यांत दीड किलोमीटरवर शेजारच्या गावच्या हद्दीत नवं उघडलं. आता?

होतं असं. परवान्याचं स्थलांतर हा दुकानदाराचा नेहमीचा मार्ग. स्थलांतराच्या अर्जावर हरकत घ्यायची असते, आणि ती उघडण्याआधी घ्यायची असते, म्हणून जिंकल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या तीन-चार गावांच्या ग्रामपंचायतींत जाऊन बसा. मिरवणूक नंतर काढा. आता उघडलंच असेल तर त्या गावच्या बायकांना तुमची मतदारयादी दाखवा, म्हणजे तुम्ही कुठल्या घरी किती वेळा गेलात ते. त्यांच्या यादीत मयत नावं किती आहेत ते मोजायला एक दिवस तुमच्यातल्या दोघी-तिघी पाठवा.